सून वाटेत असताना

परवा माळ्यावरून हत्तीचा पाट काढला. धूळ पुसली, खडू घेतला, सोंडेची पहिली रेघ ओढली आणि हात थांबला. चार वर्षं झाली, दरवर्षी इथेच थांबतो. बाहेर हवा तुंबली होती. डोंगराच्या बाजूने काळं वर येत होतं, पण पान हलत नव्हतं, आणि मिठागरांचा ओलसर खारट वास थेट चौथ्या मजल्यापर्यंत चढला होता. आश्विनातली ही हवा मला कधीच आवडली नाही. पाऊस जातो म्हणतो आणि जात नाही, ऊन अंगातलं पाणी काढून घेतं, आणि पाचच्या सुमाराला कुठेतरी लांब ढग गुरगुरतो. हा हस्त नक्षत्राचा पाऊस, आणि त्याच्याच नावाने हा पाटावरचा हत्ती.

मुलुंड पूर्वेला आमची जुनी, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली सोसायटी आहे. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे भोंडल्याचा हत्ती काढायचं काम लोकांनी कायमचं माझ्या गळ्यात मारलं. तसा भोंडला माझा नव्हे. आम्ही कोकणातले, वडील गिरणीत, आमच्याकडे गौरीच्या फुगड्या. भोंडला मला शिकवला तिसऱ्या मजल्यावरच्या कुसुमताईंनी. त्या वाईकडच्या. पाट मध्ये ठेवायचा, भोवती बायकांनी हात धरून फेर धरायचा, पहिल्या माळेला एक गाणं, दुसऱ्या माळेला दोन, असं रोज एकेक वाढवत न्यायचं, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. दोनशे गाणी तरी त्यांना पाठ असतील. नऊवारीचा काष्टा, गळ्यात काळी पोत, आवाज खणखणीत. कुणी कडवं चुकलं की भर फेरात डोळे वटारायच्या, आणि मी पन्नाशीची बाई शाळेतल्या पोरीसारखी खाली बघायचे.

या गाण्यांत सासू वाईट असते, नवरा मारका असतो, नणंद आगलावी असते आणि माहेर सात डोंगरांपलीकडे असतं. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी हेच गायलं, कारण बोलायची सोय नव्हती. मी हे शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषण करून सांगितलंय. लोकगीतं म्हणजे स्त्रियांचा आवाज, त्यांचा निषेध, वगैरे. टाळ्याही घेतल्यात. आता ते भाषण आठवलं की मला माझीच लाज वाटते.

कुसुमताईंचं एक गाणं होतं, त्यांच्या गावचं. दुसरीकडे कुठे मी ते ऐकलेलं नाही. आम्ही त्याला वाटेचं गाणं म्हणायचो. सून माहेरी निघालीय आणि वाटेत एकेक अडथळा उभा राहतोय, एवढीच गोष्ट.

माझ्या गं वाटेला बाभळीचा काटा,
काट्या रे दादा, मोकळ्या कर वाटा.

मग सगळ्यांनी म्हणायचं, ‘जाऊ द्या गं जाऊ द्या, सुनेला माहेरी जाऊ द्या.’ काट्यानंतर ओढा, ओढ्यानंतर कुत्रं, कुत्र्यानंतर साप. ज्या बाईला जे सुचेल ते तिने वाटेत आणून उभं करायचं. शेवटचं कडवं मात्र ठरलेलं. माहेरचा उंबरा येतो, आई पायावर पाणी घालते, गाणं संपतं. ते उंबऱ्याचं कडवं फक्त कुसुमताई म्हणायच्या. आणि या गाण्याला एक नियम होता, तो त्या दरवर्षी पहिल्या माळेला सगळ्यांना बजावायच्या. ‘सून वाटेत असताना हात सोडायचा नाही. उंबरा येईपर्यंत फेर मोडायचा नाही.’ कुणाचा फोन वाजो, कुणाचं दूध उतू जावो, या गाण्यात हात सुटला नाही. आम्हाला त्याची गंमत वाटायची.

चार वर्षांपूर्वी कुसुमताईंची सून पहिल्यांदा भोंडल्याला आली. सायली. मे महिन्यात त्यांच्या प्रसादशी लग्न झालेलं, खोपोलीकडची, लहानखुरी, केस घट्ट बांधलेले. लग्नानंतर पाच महिने ती आम्हाला जिन्यात सुद्धा फारशी दिसली नव्हती. प्रसाद म्हणजे सोसायटीचा लाडका. कुणाचा सिलिंडर वर चढव, कुणाला डॉक्टरकडे सोड, ‘काकू, पिशवी द्या इकडे’ म्हणून हातातलं ओझं काढून घे. माझ्या बाबतीतही त्याने ते कितीदा केलंय. माझी पिशवी त्याच्या हातात, तो पुढे, मी मागे, आणि मी मनात म्हणतेय, आई-बापांनी काय वळण लावलंय.

दुसऱ्या माळेला वाटेचं गाणं सुरू झालं आणि सायलीने एक कडवं घातलं. आवाज बारीक होता, पण सूर पक्का.

माझ्या गं वाटेला बाहेरून कडी,
कडीबाई कडीबाई, निघ एक घडी.

‘जाऊ द्या गं जाऊ द्या,’ आम्ही म्हटलं. बाजूला कुणीतरी म्हणालं, ‘गळा छान आहे हो सुनेचा.’ कुसुमताईंनी पुढचं पाऊल टाकलं. फेर चालू राहिला.

तिसऱ्या माळेला तिने घातलं,

माझ्या गं वाटेला फोन कपाटात,
कपाटाची किल्ली धन्याच्या खिशात.

यावर आम्ही खदखदून हसलो. केवढं आधुनिक! मी तर तिला म्हटलंसुद्धा, ‘झकास गं! पुढच्या वर्षी अशीच नवीन नवीन रच.’ ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, लाजली.

त्या दिवसांचं मला काय काय आठवतं. शेजारच्या मैदानात गरब्याचे स्पीकर तपासायचे, एकच ठोका, पुन्हा पुन्हा. झेंडूच्या माळा जिन्याच्या कठड्याला, दुसऱ्याच दिवशी काळवंडलेल्या. चौथ्या माळेला आभाळ इतकं खाली आलं होतं की पाच वाजताच पार्किंगमधले दिवे लावले. हत्तीच्या पाठीवरचे रंगीत तांदूळ दमट हवेने एकमेकांना चिकटले होते. आणि सायली म्हणाली,

माझ्या गं वाटेला तापला तवा,
तव्या रे दादा, चटका नको नवा.

आम्ही म्हटलं, ‘जाऊ द्या गं जाऊ द्या.’ चौदा बायकांनी, एका सुरात, पाय आपटत. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

गाणं संपल्यावर तळमजल्यावरच्या सुनंदा परबने माझं मनगट धरलं आणि मला मीटरच्या खोलीपाशी ओढत नेलं. सुनंदा म्हणजे आमच्या इमारतीची तोफ. मालवणहून येऊन तिला चाळीस वर्षं झाली, पण राग आला की बोली सुटत नाही.

‘गो बाई, माका एक सांग,’ ती म्हणाली. ‘जुन्या गाण्यात फोन खंयसून इलो?’

‘अगं, तिने रचलंय ते.’

‘तां माका कळता. पण फोन खरो, कडी खरी. मगे तवो खोटो कसो?’

मी मागे वळून बघितलं. सायली वाकून पाटावरचे फुलांचे देठ गोळा करत होती. ब्लाउजच्या मागच्या काठाखाली, कण्याच्या जरा डावीकडे, चंद्रकोरीएवढा एक डाग. ताज्या भाजल्याला असतो तसा गाजरी लाल. त्याच्या खाली दुसरा, तपकिरी पडलेला. मी आयुष्यभर मुलांना रंगांचे थर समजावलेत. कुठला आधी लागला, कुठला नंतर, मला लगेच दिसतं. ते मी चार दिवस बघितलं नव्हतं, कारण ती गात होती आणि गाण्यातलं दुःख गाण्यातलंच असतं अशी आमची सवय झाली होती. ती सगळ्यांसमोर, मोठ्याने, सरळ शब्दांत सांगत होती, आणि आम्ही तिच्या सांगण्यावर ताल धरत होतो.

मग मी शहाणपणा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात कुसुमताई भेटल्या. मी विचारलं, ‘सायली बरी आहे ना हो?’

त्यांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ‘ऊन फार आहे हो बाई यंदा,’ म्हणाल्या, आणि वर चढू लागल्या. वरच्या वळणावर प्रसाद उभा होता, हातात हेल्मेट. माझ्याकडे बघून हसला. ‘काकू, काळजी करता तुम्ही,’ तो म्हणाला. ‘बरं वाटतं.’

त्या संध्याकाळी सायली आली नाही. कुसुमताई म्हणाल्या, तिला ताप आहे. सहाव्या माळेलाही ताप. सुनंदाने कुणाला न विचारता पोलिसांच्या नंबरवर फोन लावला. दोघे जण आले, वर गेले, पंधरा मिनिटांनी चहाने ओल्या मिशा पुसत खाली आले. ‘घरगुती आहे, मॅडम. मुलगी स्वतः म्हणते, स्वयंपाक करताना लागलं. आम्ही काय करणार?’ तिच्या शेजारी सोफ्यावर कोण बसलं होतं, हे मी विचारलं तेव्हा ते गाडीत बसले होते. सातव्या माळेला तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या त्या उकाड्यात सगळ्या बंद. मी खाली उभी राहून वर बघत होते आणि मला भीती वाटत होती. एवढी भीती मला स्वतःच्या आजारपणातही वाटली नव्हती. माझ्या त्या एका प्रश्नाची सायलीने वर काय किंमत मोजली असेल, हे मला आजही माहीत नाही.

आठव्या माळेला कुसुमताई जिना उतरल्या आणि त्यांच्या मागे सायली. हातात खिरापतीचा डबा. कुणी विचारलं नाही तरी कुसुमताईच म्हणाल्या, ‘आज खिरापत आमची. सून नको का बरोबर?’ प्रसाद कामावर होता. सायलीचा चेहरा मैद्यासारखा पांढरा झाला होता आणि ती पावलं मोजून टाकत होती. फेरात माझ्या शेजारी उभी राहिली. गणपतीचं गाणं सुरू झालं, सगळ्या मोठ्याने म्हणायला लागल्या, आणि त्या आवाजाखाली, समोर बघत, ती मला म्हणाली, ‘काकू, माझ्या आत्याला फोन करा. शैला. खोपोलीच्या एसटी डेपोत कंडक्टर आहे. आज नाही गेले तर मी जिवंत राहत नाही.’

पलीकडे तिचा दुसरा हात कुसुमताईंच्या हातात होता. त्यांना ऐकू गेलं की नाही, मी सांगू शकत नाही. त्या पुढचं कडवं म्हणत होत्या.

गाणं संपताच मी सुनंदाच्या घरात शिरले. डेपोचा नंबर शोधला, कुणी उचलला, कुणी कुणाला हाक मारली, शेवटी एक घोगरा, दमलेला आवाज आला. मी दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडून रडणं नाही, एकच प्रश्न.

‘ती आत्ता कुठंय?’

‘खाली. आमच्यात.’

‘मग खालीच धरून ठेवा. वर जाऊ द्यायची नाही. काय वाट्टेल ते करा. मी निघाले.’

खोपोलीहून मुलुंड म्हणजे दोन तास, तेही रस्ता मोकळा असेल तर. घड्याळात सव्वापाच. मी परत आले. सुनंदाच्या कानात सांगितलं, तिने पुढच्या बाईच्या, असं ते फेरात फिरत गेलं. कुसुमताईंपर्यंत पोचायच्या आधी थांबलं. त्या मात्र हात पसरून म्हणाल्या, ‘चला, वाटेचं घ्या.’ वाटेचं गाणं नेहमी शेवटी असायचं. त्या दिवशी त्यांनी ते मध्येच घेतलं. त्यामागे काही होतं का, की नुसतं आलं मनात, यावर मी चार वर्षं विचार करतेय.

काटा झाला. ओढा झाला. कुत्रं, साप, पूर, दरड. पावणेसहाला प्रसादची मोटारसायकल आली. त्याने ती नीट स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं, केस सारखे केले. ‘सायली, चल वर. तुला बरं नाहीये.’

कुणी थांबलं नाही. तो जवळ आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला. फेर पुढे सरकला आणि त्याचा हात खाली पडला.

‘काकू, जरा थांबता का? मजा चाललीय, कळतंय मला.’

‘सून वाटेत आसा!’ सुनंदा ओरडली. ‘हात सोडूचो नाय!’

तो हसला. चार लोकांत चांगलं दिसायची त्याला फार हौस होती, आणि पार्किंगमध्ये तेव्हा पाच-सहा पुरुष उभे होते, मोबाइलमध्ये बघत असल्यासारखे. त्या हौसेनेच त्याला अडवलं, आमच्या ताकदीने नव्हे. तो भिंतीला टेकून उभा राहिला. गाणं संपेपर्यंत थांबणार होता. गाणं संपतंच.

मग आम्ही वाटेत काय काय आणून उभं केलं! बंद पडलेला पंप, तुंबलेलं गटार, सोसायटीचा सेक्रेटरी, रिक्षावाला जो कधीच यायला तयार नसतो. पावसाची एक सर आली, मोठ्या थेंबांची, आणि हत्तीची सोंड पुसून गेली. कुणी हलली नाही. माझे गुडघे भरून आले. हातातला सायलीचा हात घामाने आणि पावसाने निसटत होता, मी बोटांत बोटं अडकवली. साडेसहा झाले, सात वाजत आले, विजा चमकायला लागल्या. एकेकीची कडवी संपली. ज्या बाईची पाळी येई ती दुसरीकडे बघे. मी कंपासपेटी घातली, फळा घातला, आणि मग मलाही काही सुचेना. पाय चालत होते, तोंडं बंद. तेवढ्यात भिंतीपासून प्रसादचा आवाज आला, शांत, लाडिक.

‘आई, पुरे आता. उंबऱ्याचं म्हण.’

त्याला गाणं माहीत होतं. लहानपणी तो याच पाटाशेजारी बसून खिरापतीची वाट बघायचा.

सगळ्या कुसुमताईंकडे बघायला लागल्या. ते कडवं म्हणायचा अधिकार त्यांचा. त्यांनी म्हटलं की आमचे हात सुटणार, सायली त्यांच्या मागोमाग जिना चढणार, आणि मग तो दरवाजा. त्यांनी मुलाकडे बघितलं. पदर खोचला. आणि ज्या आवाजात त्या आम्हाला चुकीबद्दल टोकायच्या, त्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या,

माझ्या गं वाटेला पाठीवर वळ,
वळा रे दादा, सोसवेना कळ.

हे कडवं आम्ही कुणी कधी ऐकलं नव्हतं. ते आज रचलेलं नव्हतं, तेवढं मला कळतं. फार वर्षं तोंडात ठेवलेलं होतं. प्रसादचे वडील मी पाहिलेत, देवमाणूस म्हणायचो आम्ही त्यांना, तेही लोकांचे सिलिंडर वर चढवून द्यायचे. ‘जाऊ द्या गं जाऊ द्या,’ आम्ही म्हटलं, आणि त्या वेळी पहिल्यांदा मला आपण काय म्हणतोय ते ऐकू आलं. त्यांनी दम घेतला नाही.

माझ्या गं वाटेला पोटचा लेक,
लेका रे राजा, ऐक माझं एक.

ते एक काय, ते त्यांनी सांगितलंच नाही. पुढचं कडवं घेतलं, मग पुढचं. विहीर, आड, रॉकेलचा डबा, मोठ्या दिराची काठी, पाटावर वाढलेलं आणि उचलून नेलेलं ताट. चाळीस वर्षांची वाट त्यांनी एकटीने गायली. आम्ही फक्त ध्रुवपद धरलं. प्रसाद भिंतीपासून सुटून उभा राहिला होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, आणि त्याखालचा चेहरा मी पहिल्यांदा बघितला. तो सायलीकडे बघतच नव्हता. आईकडे बघत होता.

साडेसातला फाटकाशी रिक्षा थांबली आणि खाकी कपड्यांतली एक उंच बाई उतरली. ड्यूटी अर्धवट टाकून आलेली, खांद्याला अजून कंडक्टरची पेटी. क्षणभर प्रसादही दोन पावलं मागे सरला, त्याला पोलीस वाटले असावेत. शैलाआत्या कुणाशी बोलली नाही. आमच्या धरलेल्या हातांखालून वाकून आत आली, भाचीला जवळ घेतलं आणि म्हणाली, ‘चल गं बाय.’ आम्ही फेरातून वाट करून दिली. सायली नेसत्या साडीनिशी गेली, चप्पलसुद्धा एकाच पायात. रिक्षा वळली, गेली.

आणि मग आम्ही नाचलो. खरंच नाचलो. सुनंदाने मला ओढून फुगडी घातली, कुणी रडत होतं, कुणी हसत होतं. डबा उघडला, आत साटोऱ्या होत्या, ओळखायचं विसरून सगळ्यांनी खाल्ल्या. मी दोन खाल्ल्या. तोंडात घास असताना मी वर बघितलं, तेव्हा तिसऱ्या मजल्यावर दिवा लागला होता. कुसुमताई केव्हा गेल्या, कुणी बघितलं नव्हतं. प्रसादच्या पुढे गेल्या की मागे, तेही नाही. एका बाईला वाट करून देताना आमचे हात सुटले होते आणि उंबऱ्याचं कडवं कुणीच म्हटलं नव्हतं.

नवव्या माळेला त्या आल्या नाहीत. त्यानंतर कधीच खाली आल्या नाहीत. ‘आईचे गुडघे गेलेत, काकू,’ प्रसाद सांगतो. अजूनही पिशवी घ्यायला हात पुढे करतो, मी देत नाही. त्यांच्या गॅलरीला त्याने पांढऱ्या काचा बसवल्यात. भाजी तोच आणतो. दोनदा मी दार वाजवलं, दोन्हीदा जाळीच्या दाराआडून त्या म्हणाल्या, ‘बरी आहे हो बाई, जा तुम्ही.’ दारावरची कडी बाहेरच्या बाजूला नवीन आहे.

पुढच्या वर्षी सुनंदानेच ठरवलं. ‘ती खाली येना नाय तर आपण वर जावया.’ तेव्हापासून आमचा भोंडला तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या दारासमोर होतो. तिथे फेर धरायला जागा नाही. पाट त्यांच्या पायपुसण्याशेजारी ठेवतो आणि जिन्यावर वर-खाली पायऱ्यांवर उभ्या राहून हात धरतो. पहिल्या माळेला एकच गाणं तिथे म्हणतो, वाटेचं. प्रत्येकीचं कडवं झालं की थांबतो. पहिल्या वर्षी त्या थांबण्यात आतून आवाज आला होता, दार न उघडता, पण खणखणीत. एक नवीन कडवं. आम्ही ध्रुवपद धरलं, पाट उचलला आणि उतरलो. दुसऱ्या वर्षी आवाज बारीक होता. गेल्या वर्षी कडव्यातली दुसरी ओळ ऐकूच आली नाही, ती आम्ही अंदाजाने भरून काढली. उंबऱ्याचं कडवं मात्र चार वर्षांत कुणी म्हटलेलं नाही. म्हणता येत नाही. त्यांचाच नियम आहे, आणि त्या अजून वाटेत आहेत.

सायली आता खोपोलीलाच एका शाळेच्या ऑफिसात आहे. दर आश्विनात तिचा फोन येतो. माझी चौकशी करत नाही, सुनंदाची नाही. एकच विचारते, ‘काकू, आई खाली येतात का?’ मी म्हणते, नाही गं. मग ती फोन ठेवते.

काल पहिली माळ झाली. अंधारून आलं होतं, जिन्यातले दिवे लागायचे होते. आम्ही पायऱ्यांवर उभ्या राहिलो. काटा झाला, ओढा झाला, कुत्रं झालं. आम्ही थांबलो. आतून काही आलं नाही. खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली, लांब ढग वाजला. आम्ही ध्रुवपद पुन्हा म्हटलं, पुन्हा थांबलो. काही नाही. सुनंदाने बेल दाबली. आतून प्रसादचा आवाज आला, लाडिक, ‘काकू, आई झोपलीय.’ संध्याकाळचे सहा वाजले होते.

कुणीही पाट उचलला नाही. तासभर आम्ही तिथेच होतो, मग पावसाचं पाणी जिन्यात यायला लागलं म्हणून खाली आलो. म्हाताऱ्या माणसांच्या मदतीचा एक नंबर असतो, तिथे मी फोन केला. दोन दिवसांत कुणीतरी येऊन बघून जाईल, म्हणाले. दोन दिवस! सायलीचा फोन आला तेव्हा ती नेहमीचा प्रश्न विचारायच्या आधीच मी सांगितलं, ‘यंदा आवाज आला नाही गं.’ ती म्हणाली, ‘उद्या आत्या आणि मी येतोय. मी फेरात उभी राहीन. त्या दारासमोर.’

आता दुपारचे तीन वाजलेत. हत्तीची सोंड पुन्हा काढली, तांदूळ रंगवून वाळत घातलेत, पण या हवेत ते वाळायचे नाहीत. सुनंदा दोनदा येऊन गेली. आज हात सोडायचे नाहीत, दार उघडेपर्यंत. पहिल्या माळेला एक गाणं असतं. आज दुसरी माळ. आज दोन गाणी आहेत.